विसाव्यावरचा बाक

माझा धंदा नेमका काय, हे माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. लग्न जमवताना त्यांना सांगितलं होतं, मुलगा फर्निचर करतो. त्यांच्या डोळ्यांसमोर कपाटं, पलंग, देव्हारे. पुढं एकदा ते शहापूरला आले, तेव्हा मी हौसेनं त्यांना एका तळ्याकाठी केलेलं काम दाखवायला नेलं. बसायला दगडी कट्टा, त्याच्यामागं उतरती माती, मातीत झाडं, पावसाचं पाणी मुरावं म्हणून खणलेले चर. त्यांनी सगळीकडं नजर फिरवली आणि विचारलं, "यात तुमचं काय?" मी म्हणालो, "सगळंच."  परत येताना माझ्या बायकोला हळूच म्हणाले, "जावईबापूंचं बरं चाललंय ना गो?"

तर एकदाचं सांगून टाकतो. मी लोकांना बसायच्या जागा करून देतो. जिथं त्यांचं स्वतःचं घर नसतं, अशा ठिकाणी. एसटीची वाट बघणारे, दवाखान्यात नंबर लावून आलेले, बाजारात पाटी विकून झाल्यावर कंबर धरून उभ्या असलेल्या बायका. त्यांना बाक, कट्टे, ओटे, वर सावली, आणि आजूबाजूची जमीन चिखल होणार नाही अशी व्यवस्था. मुंबईत शिकलो, तिथं काही वर्षं ऑफिसांची टेबलं काढली आणि कंटाळून सापगावला परत आलो. त्या टेबलांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. तेव्हापासून शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके म्हणजे माझं दुकान.

घरातल्या खुर्चीला मालक असतो. ती हलायला लागली की तो खिळा मारतो. सार्वजनिक बाकाला मालक नसतो, त्यामुळं शत्रू फार. पाऊस, ऊन, वाळवी, बकऱ्या, बदामाचं चित्र कोरून आत दोन अक्षरं लिहिणारे प्रेमवीर, आणि रात्री त्यावर आडवे होणारे तळीराम. या सगळ्यांना पुरून उरेल असा बाक करायचा आणि तरी त्यावर म्हाताऱ्या माणसाला बसावंसं वाटलं पाहिजे. हल्ली कामाच्या कागदावर 'शाश्वत' असा शब्द असतो. सरपंच मला विचारतात, म्हणजे काय? मी सांगतो, मोडलं तर तुमच्याच गावच्या गवंड्याला नीट करता आलं पाहिजे, आणि झाडाला पाणी घालायला पगारी माणूस ठेवावा लागता कामा नये. एवढंच. यापेक्षा मोठी व्याख्या मला येत नाही.

माल मी बाहेरून फारसा आणत नाही. आमच्याकडं कौलारू घरं धडाधड पडतायत आणि स्लॅबची उभी राहतायत. घर पाडायला काढलं की मला फोन येतो. त्यातले वासे, तुळया, आणि मुख्य म्हणजे जोत्याचे काळे दगड मी उचलतो. घडीव दगड, कडा हातानं ताशीव. आज तसा दगड कुणी घडवून देत नाही. लोकांना वाटतं, हा माणूस भंगारवाला आहे. वाटू दे.

चुका सगळ्यांच्या होतात, आमच्या धंद्यातल्या मात्र झाडासारख्या वाढतात. खर्डीच्या पलीकडं एका पाड्यावर तळ्याकाठी सावली हवी होती. मी मोठ्या विचारानं ऐनाची रोपं लावली. इथलंच झाड, पाणी मागत नाही, सावली दाट. झाडं उभारीला आली आणि एका हिवाळ्यात बघतो तर सगळी भुंडी. फांदी म्हणून शिल्लक नाही. आमच्याकडं भाताची रोपं करायच्या जागेवर आधी पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून जाळतात. त्याला राब म्हणतात, आणि राबाला ऐनासारखं झाड नाही. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला मी, हे मला सांगायला हवं होतं का? तिथला एक आजा तर मला हात जोडून म्हणाला, "बरा केलास बाबा. आता राबाला डोंगरावर चढाया नको." मी कपाळावर हात मारला आणि त्याच्याकडंच चहा प्यायलो. तेव्हापासून सावलीला मी करंज लावतो. बकरीही तोंड लावत नाही.

ही सगळी प्रस्तावना झाली. मला सांगायचंय ते मुरबाड तालुक्यातल्या एका गावाबद्दल. गावाचं नाव लिहीत नाही. ते माझं आजोळ आहे, आणि अजून तिथं मला जेवायला जायचं असतं.

सरपंच दिनेशचा फोन आला. पोरगा तडफदार, पस्तिशीचा, दिवसाला दहा गोष्टी डोक्यात. म्हणाला, "मधूकाका, सुशोभीकरणाचं काम आलंय. रस्त्याला लागून पट्टी हाय ना पंचायतीची, नदीकडची, तिथं मस्त गार्डन करू. सिमेंटचे मशरूम, झाडाच्या बुंध्याचे बाक, न् मधी गावाच्या नावाची अक्षरं. सेल्फी पॉईंट."

सिमेंटचं झाड दिसलं की माझं डोकं फिरतं. आमच्या डोंगरात खरी झाडं कमी आहेत का? खऱ्या झाडाखाली सिमेंटचं खोटं झाड करून त्याला तपकिरी रंग देणाऱ्या माणसाला मी एकदा तरी भेटणार आहे. पण दिनेशला मी वेगळंच विचारलं. "दिनेश, ती पट्टी म्हणजे विसाव्याची ना रे?"

त्याचा आवाज एकदम खाली आला. मग म्हणाला, "हाय. पण दुसरी जागाच नाय ओ काका पंचायतीची."

विसावा म्हणजे काय ते शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. अंत्ययात्रा घरून निघाली की स्मशानाच्या वाटेवर एका ठरलेल्या जागी तिरडी खाली टेकवतात. खांदेकरी जागा बदलतात, तिरडीची दिशा फिरवतात आणि पुढं निघतात. या गावात बायका तिथपर्यंतच येतात. तिथं शेवटचं दर्शन घ्यायचं आणि मागं फिरायचं. पुढं नदीच्या उतारावरून खाली फक्त पुरुष. सगळीकडं असं नसतं, पण इथं आहे. पूर्वी त्या जागी उंबराखाली एक ओटा होता. रस्ता रुंद झाला त्यात उंबर गेला, ओटाही गेला. तेव्हापासून तिरडी डांबराच्या कडेला टेकवायची आणि मागून ट्रकवाले हॉर्न मारायचे. बायका गटाराच्या काठावर उभ्या. गावाला लाज वाटायची, पण करणार कोण?

मी जागा बघायला गेलो. पट्टी लांबट, एका अंगाला रस्ता, दुसऱ्या अंगाला नदीचा उतार. नदी तिथं वळते आणि वळणाच्या आत, खाली, स्मशानाची पत्र्याची शेड. पट्टीच्या अगदी कडेला उभं राहिलं की शेड समोर दिसते.

माप घेऊन झाल्यावर तारामामीकडं गेलो. माझ्या आईच्या चुलतभावाची ही बायको. नथूमामा पडवीत खाटेवर. त्यांचं डावं अंग गेलेलं. आधी काठीनं चालायचे, आता तेही नाही. मला बघून उजवा हात वर केला आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाले. मामीनं भाषांतर केलं, "बस म्हणतात." चहा झाला. मग ती मला गोठ्याच्या मागं घेऊन गेली. मला वाटलं, वांगी देत असेल.

"मधू, विसाव्याचं काम तुझ्याकडं हाय ना?"

"हो."

"मला तिथं बसाला जागा कर. आणि बसल्यावर खालचं दिसलं पायजे."

मला चटकन कळलं नाही. "खालचं म्हणजे?"

"म्हणजे काय रे, शेड." ती पदरानं तोंड पुसत म्हणाली. "ह्यांचं काय आता लांब नाय. मी रीत मोडत नाय. उतरत नाय मी खाली. पण सगळा जन्म ह्या माणसाला हातानं भरवलं, धुतलं, उठवलं, बसवलं. आणि शेवटचं तेवढं बाकीच्यांनी बघाचं? मी घरी येऊन अंग धुवाचं न् भिंतीकडं बघत बसाचं?"



"बाबूच्या वेळेला मागं फिरवलं मला," ती म्हणाली. बाबू हा त्यांचा मुलगा. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या वेळी बांधावर पान लागलं, साप चावला, तालुक्याला नेईपर्यंत गेला. मी तेव्हा मुंबईत होतो. "चला गो, चला गो म्हणत धरून आणली घरी. त्याचं पुढं काय झालं ते मला अजून कळलं नाय असं वाटतं. येडेपणा हाय, ठाऊक हाय मला. पण वाटतं. ह्या वेळेला मला बघाचंय."

 एवढ्या वर्षांत लोकांनी माझ्याकडं बाकावर सावली मागितली, पंखा मागितला, मोबाईल चार्ज करायला प्लग मागितला. बाकावरून काय दिसलं पाहिजे हे कुणी सांगितलं नव्हतं.

मी तिला तिथंच गोठ्याच्या ओट्यावर बसवलं, मग प्लास्टिकच्या खुर्चीत, मग पडवीच्या पायरीवर. कुठून उठताना तिचा हात काय शोधतो ते बघितलं. आमच्या धंद्यात बसण्याला कुणी विचारत नाही, खरं काम उठण्याचं असतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला बैठक जरा उंच लागते आणि रेटा द्यायला बाजूला हात लागतो. मामी बुटकी, म्हणजे उंच बैठकीवर पाय लोंबणार, म्हणून खाली पाय टेकायला एक दगड. मी टेप धरून मोजतोय आणि पडवीतून नथूमामा बघतायत. त्यांनी काहीतरी विचारलं. मामी ओरडून म्हणाली, "काय नाय, खुर्ची करतोय मला!" मग माझ्याकडं वळून हळू आवाजात, "आता काय सांगू त्यांना?" आणि हसली. मला काही हसू आलं नाही.

पुढं मारुतीच्या देवळात बैठक झाली. दिनेश, पंचायतीचे सदस्य, आणि शंकरबुवा. बुवा म्हणजे भजनी मंडळाचे म्होरके, ऐंशीच्या घरातले. गावातल्या रीतिभातीचं त्यांना विचारल्याशिवाय कुणाचं पान हलत नाही. मशरूम आणि सेल्फी पॉईंट त्यांनी एका वाक्यात उडवले. "मेल्या, मयताबरोबर फोटो काढणार का?" दिनेश खाली बघून कान खाजवायला लागला. माझं निम्मं काम बुवांनी केलं होतं, त्यामुळं मी खूश होतो. तेवढ्यात ते माझ्याकडं वळले.

"बायकांना बसाला कर. म्हाताऱ्याकोताऱ्या असतात, उभ्या राहून चक्कर येते. पण नदीच्या अंगाला दाट कुंपण लाव. खालचं दिसता कामा नये. बाईमाणसाचं काळीज, बघवत नाय. म्हणून तर मागं फिरवतात."

घ्या. एक म्हणते दिसलं पाहिजे, एक म्हणतो दिसता कामा नये. आणि मला दोघांकडं जेवायला जायचं असतं.

बाक कशाचा करायचा यावरही चर्चा झाली. माझ्याकडं सुंदर जुनी तुळई पडून होती, मी म्हणालो लाकडाचा करू. एक सदस्य म्हणाला, "नको काका. ऐन पावसात कुणी गेला आणि सुकं लाकूड कमी पडलं तर पहिला तुमचा बाक जाईल." सगळे हसले, पण तो गंमत करत नव्हता. मागं एकदा शाळेचं मोडकं टेबल गेलं होतं म्हणे. ठरलं, दगडाचा.

कुंपणाचं मी घरी येऊन कागदावर मांडलं. मी बुवांना शब्द दिला होता आणि मामीलाही. उताराला सुरुवात होते तिथं, पट्टीपेक्षा बऱ्याच खाली, एक नैसर्गिक पायरी होती. कुंपण मी तिथं घेतलं, अडुळशाचं. अडुळसा गुरं खात नाहीत, पाणी मागत नाही, मुळं माती धरून ठेवतात. आणि बाक वर, अगदी कडेला. रस्त्यावरून बघितलं की हिरवी भिंत दिसते. बाकावर बसलं की भिंतीच्या डोक्यावरून नजर सरळ शेडवर जाते. यात खोटं काही नाही. कुंपण सांगितलं होतं, कुंपण केलं. बायको म्हणाली, "तुम्ही वकील व्हायला हवं होतं."

बांधकाम उन्हाळ्यात झालं. मधे मोठा ओटा, तिरडी टेकवायला, रस्त्यापासून आत, म्हणजे ट्रकवाल्यांचा संबंध संपला. फरशी नाही, मुरूम दाबून घेतलेला आणि दगडांच्या सांध्यात हरळी, पाणी खाली मुरतं. कडेला लांब बाक, जोत्याच्या दगडांचा, दोन्ही टोकांना रेटा द्यायला हात. रस्त्याच्या बाजूनं आणि बाकाच्या एका टोकाशी करंज.

काम संपत आलं तेव्हा शंकरबुवा एकटेच बघायला आले. मी गवंड्याला सांधे भरायला लावून उभा होतो. बुवांनी ओटा बघितला, मान डोलावली. कुंपण बघितलं, मान डोलावली. मग बाकावर जाऊन बसले. झालं, म्हटलं, आता काय खरं नाही.

ते समोर बघत राहिले. मी सांध्यांकडं लक्ष असल्याचं सोंग केलं.

"मधू, इथून दिसतंय."

"होय बुवा. दिसतंय."

"कुंपण वाढंल का पुढं?"

"पाला तोडत राहिलं तर नाय वाढणार. वरून आखूड राहील."

बुवा गुडघ्यावर हात ठेवून बसून होते. मग म्हणाले, "आमचे बाबा गेले तेव्हा आय इथंच पडली होती. उंबराच्या मुळावर. बायका जवळ होत्या, पण सगळ्या रडतायत, कुणाला सुचंना. आमी सगळे खाली. परत आलो तवा तिच्या डोक्याला जखम. मी विचारलं, कशी पडलीस गो? तर म्हणाली, टाचा उंचावून बघत होते."

 गवंडी थापी धरून थांबला होता.

"खोकल्याला बायका पाला नेतातच अडुळशाचा," बुवा म्हणाले आणि बाकाच्या हातावर रेटा देऊन उठले. "उठाला बरा हाय." एवढंच म्हणून ते गावाकडं चालू लागले. त्या कुंपणाचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

उद्घाटनाला दिनेशनं एका पुढाऱ्याला बोलावलं होतं. फीत कापली, भाषण झालं, गावाच्या विकासाबद्दल जे बोलतात ते सगळं बोलून झालं. मग फोटोसाठी ते मधल्या मोठ्या ओट्यावर जाऊन ऐसपैस बसले. अख्खा गाव श्वास रोखून उभा. शेवटी दिनेशनं वाकून त्यांच्या कानात सांगितलं, हा ओटा कशाचा आहे ते. एवढ्या वजनाचा माणूस इतक्या चपळाईनं उठलेला मी बघितला नव्हता. गाडीत बसेपर्यंत ते कुणाशी बोलले नाहीत. पुढं महिनाभर गावात दुसरा विषय नव्हता.

एरवी त्या जागेवर कुणी बसत नाही. एसटीला थांबलेले लोक उन्हात उभे राहतात पण माझ्या बाकाला टेकत नाहीत. दुसऱ्या कुठल्या कामाबद्दल मला याचं वाईट वाटलं असतं. इथं नाही. मी जाता-येता गाडी थांबवून अडुळसा बघायचो. वरून नीट आखूड होता. मी कधी छाटला नव्हता. बायका नेत असतील पाला, मी विचारलं नाही.

दोन पावसाळे गेले. भात झोडून झालं आणि दिनेशचा सकाळी फोन आला. "काका, नथूमामा गेले."

मी पोचलो तेव्हा तयारी झाली होती. खर्डीला दिलेली मुलगी सरोज आली होती. अंगणवाडीत काम करते, धीराची पोरगी. मुलगा नाही म्हणून पुतण्यानं विस्तवाचं मडकं धरलं. मीही खांदा दिला. विसाव्याला आलो, तिरडी ओट्यावर टेकवली. मामीनं मामांच्या डाव्या हाताला हात लावला. मग ती वळली, दोन बायकांनी धरलं होतं त्यांना बाजूला केलं आणि जाऊन बाकावर बसली. पाय दगडावर टेकले. माप बरोबर आलं होतं, एवढं त्या वेळीसुद्धा माझ्या मनात येऊन गेलं. धंद्याची सवय, दुसरं काय.

पुरुष पुढं निघाले. मीही निघालो, तर मामी म्हणाली, "मधू, तू नको जाऊ. इथं बस."

मी बुवांकडं बघितलं. त्यांनी हातानंच खूण केली, बस.

आता रीतीप्रमाणं कुणीतरी म्हातारीनं 'चला गो' म्हणायचं आणि बायकांनी मागं फिरायचं. त्या दिवशी कुणी म्हणालं नाही. बायका मामीच्या मागं, बाजूला, जमिनीवर, जागा मिळेल तशा बसल्या. सरोज आईला खेटून बसली.

खाली माणसं शेडपाशी पोचली. मामी समोर बघत होती. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "काय करतायत रे?"

"दिसत नाय का मामी?"

"लांबचं धुरकट दिसतं. मोतीबिंदू हाय ना. तू सांग."

उंची मोजली, गुडघे मोजले, उठताना हात कुठं जातो ते मोजलं. दिसलं पाहिजे म्हणणाऱ्या बाईला दिसतं किती, हे काही मी विचारलं नव्हतं. पण ते मनात ठेवून मी सांगत गेलो. लाकडं रचून झालीत. आता फेरी घालतायत. आता उचलतायत.

"डावा हात धरा म्हणावं," मामी एकदम म्हणाली. "डावा हात लोंबतो त्यांचा. कुणाच्या ध्यानात नाय राहणार."

इतक्या लांबून हात दिसत नव्हता. पण शंकरबुवा त्या अंगाला वाकलेले दिसत होते. "धरलाय मामी," मी म्हणालो. "बुवांनी धरलाय. नीट ठेवलं."

"ठेवलं?"

"ठेवलं."

मग धूर वर आला. मामीनं मान उंच केली. "तो दिसतो," ती म्हणाली. "तो मला दिसतो." आणि तिथं बसल्या बसल्या, नेहमीच्या आवाजात, पडवीतल्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली, "जावा आता. सुटला तुमी. बाबू भेटंल तर सांगा त्याला, आयनं या वेळेला बघितलं म्हणून."

मागं बसलेल्या बायका रडायला लागल्या. मीही रडलो, लपवण्यासारखं काही नाही. सरोज रडत नव्हती. ती धुराकडं टक लावून बघत होती.

बराच वेळ गेला. मामीनं पदरानं डोळे पुसले, बाकावरून हात फिरवला आणि सरोजला म्हणाली, "माझ्या वेळेला तू या टोकाला बस. त्या अंगाला करंज आडवा येतो."

"मी इथं नाय बसणार, आये," सरोज म्हणाली.

"मंग?"

"मी खाली येणार. तुझ्याबरोबर. मडकं मी धरणार."

बायकांचं रडणं थांबलं. एक म्हातारी "अगो बाय!" म्हणाली आणि तोंडावर हात ठेवून राहिली. मामी लेकीकडं बघत होती. जवळचं तिला चांगलं दिसतं.

"बुवा काय म्हणतील?"

"तवर बुवा असतील तर त्यांना विचारीन."

 खाली धूर आता सरळ वर चालला होता. मी मनात म्हणालो, एवढा खटाटोप करून बाक केला आणि पुढच्याच माणसाला तो नको. वाईट वाटलं का? जरा वाटलं. आणि त्याहून जास्त बरं वाटलं.

"ये मंग," मामी शेवटी म्हणाली. "पण चप्पल घालून ये. उतार निसरडा हाय, खडे टोचतात."

मी उठून कडेला गेलो आणि तो उतार पहिल्यांदा नीट बघितला. पुरुष वर्षानुवर्षं तिथून घसरत, एकमेकांना धरत उतरत आलेत. धरायला काही नाही, पाय टेकायला काही नाही. माझ्याकडं जोत्याचे दगड शिल्लक होते.

"मामी," मी म्हणालो, "इथं पायऱ्या करून देतो. धराला कठडा पण करतो. दिनेशशी आजच बोलतो."

मामीनं बाकाच्या हातावर रेटा दिला आणि उठली.

"कर. पण घाई नाय रे," ती म्हणाली. "मी हाय अजून."